हीट.कॉन्फ : अख्खी नमुना फाईल ठेवावी की लागेल तेवढंच लिहावं?

कृष्णाकाठ

मंडळी, इथे ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) वापरणारे किती जण आहेत माहीत नाही, तरी विचारून बघतो.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी छोटा ओपनस्टॅक आहे. एक कंट्रोलर (सगळा कारभार बघणारं मशीन), चार कॉम्प्युट (ज्यांवर सर्व्हर चालतात). ज्या कंत्राटदाराने बसवला तो बिल वसूल करून गेला, आता फोन उचलत नाही आणि सगळं घोंगडं माझ्या गळ्यात आलंय. मुलांच्या प्रत्येक गटाला एक नेटवर्क, एक राउटर आणि दोन सर्व्हर लागतात. हाताने कोण बनवत बसणार, म्हणून हीटचे (टेम्प्लेट वाचून सगळं आपोआप उभं करणारी ओपनस्टॅकची सर्व्हिस) टेम्प्लेट लिहिले. एका कमांडीत सगळं उभं राहतं, सत्र संपलं की एका कमांडीत उतरवता येतं. इथवर झकास.

प्रश्न फाईलचा. सर्व्हरवर जी हीट.कॉन्फ (हीटच्या सेटिंगची फाईल) आहे ती म्हणजे पोथी आहे. पूर्ण नमुना फाईल, प्रत्येक ऑप्शनच्या डोक्यावर टिपण, बहुतेक ओळी हॅश लावून बंद आणि मध्येच कुठेतरी एखादी चालू ओळ. कुठली मुद्दाम टाकली आणि कुठली चुकून उघडी राहिली, कळायला मार्ग नाही. माझं मत असं की ही बाजूला ठेवावी आणि तीस-चाळीस ओळींची नवी लिहावी. एचओडी म्हणतात, चाललंय ना, मग कशाला हात लावतोस?

पण चाललंय तरी कुठे धड? साधे टेम्प्लेट चालतात. ज्यात वेटकंडिशन आहे (सर्व्हर उठून सॉफ्टवेअर बसल्याचा निरोप आल्याशिवाय पुढे जायचं नाही) ते तासभर ‘क्रिएट इन प्रोग्रेस’ दाखवतात आणि टाइमआउट होऊन पडतात. सर्व्हरच्या आत जाऊन बघावं तर सॉफ्टवेअर व्यवस्थित बसलेलं!

नव्या फाईलमध्ये कुठल्या ओळी हव्यातच? आणि ही वेटकंडिशनची भानगड काय आहे?

(ऑप्शनांची नावं देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये अर्थात रोमनच.)

रात्रपाळी

एक तास म्हणजे ३६०० सेकंद. स्टॅक_ॲक्शन_टाइमआउटचं मूळ मूल्य तेवढंच आहे. टेम्प्लेटमध्ये वेटकंडिशनला तुम्हीच ३६०० दिले असतील तरी तेच दिसेल. तो आकडा वाढवू नका, दोन तासांनी पडेल, बाकी काही होणार नाही.

सॉफ्टवेअर बसलंय म्हणजे निरोप निघाला, पण पोचला नाही. हीट_वेटकंडिशन_सर्व्हर_यूआरएलमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका.

वाफाळता_चहा

धाग्याचं शीर्षक वाचून वाटलं उन्हाळ्यावर चर्चा आहे. विदर्भातून आलो होतो हजेरी लावायला. चालू द्या.

जुनाट_युनिक्सवाला

कृष्णाकाठ, तुमच्या मताशी शंभर टक्के सहमत. कुठल्याही सर्व्हिसची फाईल एका स्क्रीनवर मावली पाहिजे. माझ्याकडच्या हीटच्या फाईलीत काय आहे ते सांगतो.

डिफॉल्ट विभागात आधी ट्रान्सपोर्ट_यूआरएल, म्हणजे रॅबिटएमक्यूचा पत्ता. हीटचं एपीआय (विनंती घेणारा भाग) आणि इंजिन (प्रत्यक्ष काम करणारा) एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये ही रांग असते. ही ओळ चुकली की एपीआय विनंती घेतं, साठ सेकंद वाट बघतं आणि हात वर करतं. मग मेटाडेटा आणि वेटकंडिशनच्या दोन यूआरएल, दोन्ही ८००० पोर्टच्या. त्यानंतर स्टॅक डोमेनच्या तीन ओळी: डोमेनचं नाव, त्या डोमेनचा ॲडमिन, त्याचा पासवर्ड. सर्व्हरने आतून निरोप धाडायचा तर त्याला काहीतरी ओळख लागते. त्यासाठी हीट प्रत्येक स्टॅकमागे (स्टॅक म्हणजे एका टेम्प्लेटमधून उभा राहिलेला पूर्ण संच) तात्पुरते युजर बनवतं आणि ते या वेगळ्या डोमेनमध्ये ठेवतं. कॉलेजचा कीस्टोन (ओपनस्टॅकची लॉगिन सांभाळणारी सर्व्हिस) एलडॅपला (कॉलेजच्या युजरांच्या मध्यवर्ती यादीला) जोडलेला असेल तर हे हवंच, कारण तिथे हीटला युजर बनवायला कोण देणार?

डेटाबेस विभागात एकच ओळ, कनेक्शन. कीस्टोन_ऑथटोकनमध्ये नेहमीचा संसार, नोव्हा-न्यूट्रॉनमध्ये (सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या सर्व्हिस) असतो तसाच, फक्त युजर आणि पासवर्ड हीटचा.

आता ट्रस्टी, जो विभाग लोक विसरतात. तुमची स्टॅक आपोआप वाढणारी असेल आणि पहाटे तीनला तिला नवा सर्व्हर लागला, तर तुमचं टोकन (लॉगिनचा तात्पुरता परवाना) तेव्हा कधीच संपलेलं असतं. मग हीट तुमच्या वतीने काम करतं ते कीस्टोनच्या ट्रस्टवर. त्यासाठीचं लॉगिन या विभागात लिहायचं. ऑथ_टाइप, ऑथ_यूआरएल, युजर, पासवर्ड, युजर डोमेन. इथे प्रोजेक्टचं नाव लिहायचं नाही. ट्रस्ट स्वतःच ठरवतो कुठल्या प्रोजेक्टवर काम करायचं. वरच्या विभागातून आख्खा तुकडा कॉपी करून इथे चिकटवणारे महाभाग मी बघितलेत, नंतर ‘ऑटोस्केलिंग चालत नाही’ म्हणून रडत येतात.

शेवटी क्लायंट्स_कीस्टोनमध्ये ऑथ_यूआरआय. झालं. राहता राहिली ऑथ_एन्क्रिप्शन_की, त्यावर वेगळं बोलू.

सोलापुरी_चादर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे ट्रस्टीत प्रोजेक्टचं नाव आहे आणि ऑटोस्केलिंग खरंच चालत नाही. उद्या बघतो.

बिनपगारी_आर्किटेक्ट

मी उलट बाजूचा. नमुना फाईल ठेवायची ती टिपणांसाठी. रात्री दोनला फोन येतो तेव्हा डॉक्युमेंटेशन शोधत बसायला वेळ नसतो, फाईल उघडली की प्रत्येक ऑप्शनचा अर्थ आणि मूळ मूल्य समोर. चाळीस ओळींची फाईल लिहिणाऱ्याला सुटसुटीत वाटते, त्याच्या जागी नंतर येणाऱ्याला नाही.

तिरफळ

आर्किटेक्टसाहेब, टिपणं खरी असतात त्याच आवृत्तीपुरती. नमुना फाईल एकदा चिकटवली की पुढच्या प्रत्येक अपग्रेडला कोणी ती नव्याने काढत नाही. कृष्णाकाठ यांच्या फाईलमध्ये हीट_वॉच_सर्व्हर_यूआरएल आणि ८००३ पोर्ट सापडतोय का बघा. तो क्लाउडवॉचवाला एपीआय २०१८ मध्ये क्वीन्स आवृत्तीत काढूनच टाकला. ओळ मात्र लोकांच्या फाईलीत अजून ठाण मांडून आहे, सर्व्हिस तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

दुसरं उदाहरण कन्व्हर्जन्स_इंजिनचं. आधी ते मूळात बंद असायचं, २०१६ च्या न्यूटनपासून चालू झालं. जुन्या नमुन्यातली ‘फॉल्स’ ओळ कोणी हॅश काढून ठेवली असेल तर आजही तुमचं इंजिन जुन्या पद्धतीने चालतंय आणि तुम्हाला पत्ताही नाही. ज्या ओळीबद्दल तुमचं स्वतःचं काही म्हणणं नाही ती फाईलमध्ये नकोच. मूळ मूल्यं बदलण्याचा हक्क प्रकल्पवाल्यांकडे राहू दे.

टिपणं हवीत तर ओस्लो-कॉन्फिग-जनरेटरने (ओस्लो म्हणजे ओपनस्टॅकच्या सर्व्हिस सेटिंग वाचायला वापरतात ती सामाईक लायब्ररी) दर आवृत्तीचा ताजा नमुना काढा आणि शेजारी वेगळ्या नावाने ठेवा. रात्री दोनला तोही उघडता येतो.

बिनपगारी_आर्किटेक्ट

@तिरफळ, शेजारी नमुना ठेवायचा मुद्दा मान्य. बाकी रात्री दोनला तुमच्या गोव्यात फोन लागत असेल असं वाटत नाही.

तिरफळ

लागता. आम्ही उचलनाव. 😄

कृष्णाकाठ

भरभरून प्रतिसाद मिळाले, आभार. ८००३ वाली ओळ आहे! आणि रात्रपाळी, तुम्ही विचारलेली ओळ अशी: एचटीटीपी, मग ‘कंट्रोलर’ हे नाव, ८००० पोर्ट आणि पुढे व्ही१, वेटकंडिशन.

रात्रपाळी

सापडला चोर. ‘कंट्रोलर’ हे नाव ओपनस्टॅकच्या इन्स्टॉल गाइडमध्ये उदाहरणादाखल आहे. तुमच्या कंत्राटदाराने गाइड जसंच्या तसं उतरवलंय. ते नाव तुमच्या पाचही मशीनांच्या होस्ट्स फाईलीत आहे, म्हणून त्यांचं आपसात चालतं. पण मुलांच्या सर्व्हरला ते कोण सांगणार? एका सर्व्हरमध्ये शिरून त्या पत्त्यावर कर्ल मारा (कमांडीने यूआरएल उघडून बघा), ‘होस्ट सापडला नाही’ म्हणेल.

या यूआरएल सर्व्हरच्या आतून वापरल्या जातात. कंट्रोलरचा असा पत्ता हवा जो मुलांच्या नेटवर्कवरून राउटरमार्गे गाठता येईल. आयपी टाका किंवा खरं डीएनएस नाव. आणि फायरवॉलमध्ये ८००० उघडं आहे ना ते बघा, लोक ८००४ उघडतात आणि हे विसरतात. ८००४ हीटचा मुख्य एपीआय, ८००० सीएफएन एपीआय.

अनुस्वार

भाबडा प्रश्न. एकाच सर्व्हिसचे दोन एपीआय कशाला?

जुनाट_युनिक्सवाला

इतिहास. हीट २०१२ च्या सुमारास सुरू झालं तेच ॲमेझॉनच्या क्लाउडफॉर्मेशनचे टेम्प्लेट ओपनस्टॅकवर चालावेत म्हणून. सीएफएन एपीआय त्या काळापासूनचा. टेम्प्लेट लिहायची स्वतःची हॉट भाषा मागून आली आणि २०१३ च्या ऑक्टोबरात हवाना आवृत्तीत हीट अधिकृतपणे ओपनस्टॅकमध्ये दाखल झालं.

त्या हॉट टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत आवृत्ती म्हणून तारीख लिहावी लागते, २०१३-०५-२३ अशी. नवीन पोरं तिथे हमखास आजची तारीख टाकतात आणि एरर का येतो म्हणून विचारतात.

ढगातला_गडी

आजची तारीख तर टाकतातच, आमच्याकडे एकाने स्वतःची जन्मतारीख टाकली होती. म्हणे ‘टेम्प्लेट मी लिहिलंय ना’.

श्रावणसरी

रात्रपाळींच्या निदानात थोडी भर, कारण या गल्लीत लोक हमखास चुकतात. वेटकंडिशनचे दोन वंश आहेत. टेम्प्लेटमध्ये हँडल (निरोप कुठे द्यायचा हे ठरवणारा भाग) ‘एडब्ल्यूएस क्लाउडफॉर्मेशन’ प्रकारचं असेल तर निरोप ८००० वर, हीट.कॉन्फमधल्या त्याच ओळीनुसार जातो. पण हँडल ‘ओएस हीट’ प्रकारचं असेल तर मूळात टोकन_सिग्नल वापरलं जातं. त्यात हीट स्वतःच टोकन काढून सर्व्हरला तयार देतं आणि सर्व्हर ते घेऊन ८००४ वर निरोप देतो. तिथे वेटकंडिशन यूआरएल कितीही सुधारली तरी फरक पडणार नाही. तिथे बघायचं ते कीस्टोनच्या कॅटलॉगमधला हीटचा पत्ता.

कृष्णाकाठ, तुमच्या टेम्प्लेटमध्ये कुठलं हँडल आहे?

(म्युनिकमधून. इथेही कंट्रोलरचं नाव ‘कंट्रोलर’च असतं, दुःखात समाधान.)

कृष्णाकाठ

श्रावणसरी, एडब्ल्यूएसवालं. कंत्राटदाराच्याच नमुन्यावरून पुढे लिहीत गेलो.

आणि आता डोकं फिरायची वेळ आली आहे. ‘कंट्रोलर’ काढून आयपी टाकला, तिन्ही सर्व्हिस रीस्टार्ट केल्या, फायरवॉल उघडला. सर्व्हरमधून त्या आयपीवर कर्ल मारलं तर उत्तर येतं. नवा स्टॅक बनवला. तरी सर्व्हरला जी यूआरएल मिळते तिच्यात अजून ‘कंट्रोलर’च! फाईल सेव्ह झाली आहे, मी पुन्हा उघडून बघितली.

म्हसोबाची_वाडी

नारळ फोडला का?

रात्रपाळी

फाईल कुठली वाचली जातेय ते आधी बघा. सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) युनिटमध्ये कॉन्फिग-फाईल म्हणून काय काय दिलंय? एकाहून जास्त फाईली असतील तर नंतरची आधीच्या फाईलवर मात करते. हीट.कॉन्फ.डी नावाचं फोल्डर असेल तर त्यातल्या फाईलीही नावाच्या क्रमाने वाचल्या जातात.

जुनाट_युनिक्सवाला

किंवा त्याच फाईलमध्ये ती ओळ खाली अजून एकदा आहे. ‘मध्येच कुठेतरी एखादी चालू ओळ’ हे तुमचं वाक्य मला आधीच खटकलं होतं. ओस्लो कॉन्फिगला एकाच नावाचा विभाग दोनदा आला तरी चालतो, दोन्ही एकत्र करतं आणि ऑप्शन दोनदा आला की शेवटचं मूल्य घेतं. ब्र काढत नाही.

फाईल वाचून अंदाज करत बसण्यापेक्षा सर्व्हिसलाच विचारा. डिफॉल्टमध्ये डीबग ट्रू करा आणि इंजिन रीस्टार्ट करा. लॉगच्या सुरुवातीलाच सगळ्या ऑप्शनांची प्रत्यक्ष वापरातली मूल्यं ओतली जातात, पासवर्डांच्या जागी चार फुल्या. तिथे जे दिसतं ते खरं. काम झालं की डीबग बंद करा, नाहीतर लॉगांनी व्हार पार्टिशन भरलं म्हणून नवा धागा काढाल.

कृष्णाकाठ

काका, साष्टांग दंडवत. लॉगमध्ये ‘कंट्रोलर’च होतं. फाईलच्या अगदी तळाशी, ‘याक्ल’ विभागाच्याही खाली, अजून एक डिफॉल्ट विभाग निघाला. स्क्रिप्टने शेवटी चिकटवलेला दिसतो. त्यात सहा ओळी, दोन्ही यूआरएलसकट. तिथे आयपी टाकला, इंजिन रीस्टार्ट केलं आणि वेटकंडिशनची स्टॅक चहा येईपर्यंत पूर्ण झाली.

ती सहावी ओळ मात्र बघा. ऑप्शनचं नाव आहे ‘स्टॅक_डोमेन_ॲडमिन_पासवर्ड’, पण त्यात एस एकच आहे. वर एक बरोबर स्पेलिंगची ओळही आहे, वेगळ्या पासवर्डाची. म्हणजे बरोबर चालतंय ते योगायोगाने?

अनुस्वार

माझ्या टोपणनावाला जागून यात पडतो. चुकीच्या स्पेलिंगचा ऑप्शन ओस्लो निमूट गिळतं, कारण त्या नावाचा ऑप्शन कोणी मागतच नाही. विभागाचं नाव चुकलं तरी तेच. ‘डिफॉल्ट’ छोट्या अक्षरांत लिहिलात तर गेला सगळा विभाग.

यावर ओस्लो-कॉन्फिग-व्हॅलिडेटर नावाचं साधन आहे. त्याला तुमची फाईल आणि हीटची ऑप्शनांची यादी दिली की अनोळखी नावं काढून दाखवतं. फार लोक वापरत नाहीत, का ते माहीत नाही.

ढगातला_गडी

याच फाईलच्या आणखी दोन खोड्या, दोन्ही नाकातोंडात पाणी आणतात.

ओळीच्या शेवटी टिपण चालत नाही. हॅश ओळीच्या पहिल्या अक्षराला असेल तरच ते टिपण. ‘डीबग = ट्रू # तात्पुरतं’ असं लिहिलंत की मूल्य होतं ‘ट्रू # तात्पुरतं’, ते हो का नाही हे कळत नाही आणि सर्व्हिस उठत नाही. हे त्यातल्या त्यात बरं, निदान ओरडतं तरी. पासवर्डच्या ओळीवर असं केलंत तर पासवर्डच ‘गुपित # बदलायचा आहे’ असा होतो आणि कीस्टोन ४०१ (लॉगिन नाकारल्याचा एरर) फेकत राहतो.

दुसरी खोडी, ओळीच्या सुरुवातीची स्पेस. देखणं दिसावं म्हणून लोक आत ओढून लिहितात. स्पेसने सुरू होणारी ओळ ही आधीच्या ओळीची पुढची धरली जाते.

सोलापुरी_चादर

पासवर्डात डॉलर असेल तर? आमच्या सिक्युरिटीवाल्यांना प्रत्येक पासवर्डात डॉलर आणि ॲट लागतोच.

ढगातला_गडी

डॉलरचे दोन डॉलर करा, नाहीतर पुढच्या शब्दाला ओस्लो दुसऱ्या ऑप्शनचं नाव समजतं. आणि ॲट ट्रान्सपोर्ट_यूआरएल किंवा कनेक्शनमध्ये आला तर %४० लिहा, कारण यूआरएलमध्ये ॲटच्या पुढे होस्ट सुरू होतो. साध्या पासवर्ड ओळीत ॲट तसाच चालतो. तात्पर्य, सिक्युरिटीवाल्यांना चहा पाजा आणि लांब पण अक्षर-आकड्यांचा पासवर्ड मंजूर करून घ्या.

मुठेकाठचा_मुकादम

सगळं वाचलं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? टेराफॉर्म वापरा (हेच काम बाहेरून करणारं साधन). सर्व्हरवर काही बसवायला नको, कॉन्फ नको, ट्रस्टी नको. लॅपटॉपवरून अप्लाय, संपला विषय.

बिनपगारी_आर्किटेक्ट

हा प्रतिसाद अजून कसा आला नाही याचीच वाट बघत होतो.

तिरफळ

मुकादम, मीही टेराफॉर्म वापरते (२०२३ च्या लायसन्स बदलानंतर ओपनटोफू). पण ती स्टेट फाईल (काय काय उभं केलंय त्याची टेराफॉर्मची नोंद) कोणाच्या लॅपटॉपवर? कॉलेजात एवढी मुलं, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एकेक स्टेट, एकाने विंडोज फॉरमॅट केलं की त्याचे सर्व्हर अनाथ. हीटमध्ये स्टॅकची नोंद क्लाउडमध्येच असते, होरायझनमधून (ओपनस्टॅकचं वेबपान) कोणीही बघू शकतं, पुसू शकतं. आणि आओधचा (ओपनस्टॅकची इशारे देणारी सर्व्हिस) अलार्म वाजल्यावर आपोआप सर्व्हर वाढवायचा तर आत बसलेलं कोणीतरी लागतंच. ज्याचं त्याचं काम वेगळं.

शिवाय ज्यांच्याकडे मॅग्नम (कंटेनर क्लस्टर उभारणारी सर्व्हिस) आहे त्यांच्याकडे हीट असतंच. मॅग्नमचे जुने ड्रायव्हर कुबरनेटीस क्लस्टर उभा करायला मागून हीटचीच स्टॅक बनवतात.

मुठेकाठचा_मुकादम

स्टेटचा मुद्दा बरोबर, पण ती ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये ठेवता येते. बाकी मुलांच्या हातात क्लाउडचीच वस्तू द्यावी हे पटतं. आमच्याकडे सध्या व्हीएमवेअरवरून पळापळ चालू आहे, ब्रॉडकॉमने घेतल्यापासून नूतनीकरणाचे आकडे बघून साहेबांना घाम फुटला. त्यामुळे ओपनस्टॅकचे धागे आता रोज वाचतो. विरोध नोंदवून बसलोय मागच्या बाकावर.

रात्रपाळी

@जुनाट_युनिक्सवाला, एन्क्रिप्शन कीवर ‘वेगळं बोलू’ म्हणाला होता, राहिलं की.

जुनाट_युनिक्सवाला

हो. ऑथ_एन्क्रिप्शन_की न लिहिल्यास हीट कोडातलं मूळ मूल्य वापरतं. ते असं: ‘नॉटगुड बट जस्ट लाँग इनफ आय टी’. ‘थिंक’चा फक्त टी उरलाय, कारण की ३२ अक्षरांची हवी आणि तिथेच ३२ भरतात! लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘चांगली नाही’ असं लिहूनच ठेवलंय, तरी लोक तीच चालवतात. ट्रस्टची माहिती, (तसं सेटिंग चालू केलं असेल तर) छुपे पॅरामीटर अशा गोष्टी डेटाबेसात ठेवताना हीच की वापरली जाते. जगभर सारखी की म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच.

पण कृष्णाकाठ, चालू स्टॅक असताना ती बदलू नका. जुन्या कीने बांधलेलं नव्याने सुटत नाही. त्या स्टॅकना नंतर अपडेट करायला गेलात की एरर. सत्र संपू द्या, स्टॅक पुसा, मग बदला. आणि एकाहून जास्त इंजिन असतील तर सगळीकडे एकच की.

कृष्णाकाठ

बघितली. तीच ‘नॉटगुड’ आहे. 🙈 दिवाळीच्या सुट्टीत बदलतो.

नवी फाईल आता तेहेतीस ओळींची झाली, टिपणांसकट. एचओडींना दोन्ही फाईली शेजारी उघडून दाखवल्या. तळाचा डिफॉल्ट विभाग बघून म्हणाले, ‘बदल. पण जुनी डिलीट करू नकोस.’ जुनी गिटमध्ये गेली, पासवर्ड खोडून. आर्किटेक्टसाहेब, तुमच्यासाठी ताजा नमुनाही शेजारी ठेवलाय.

अजून एक. लॉगमध्ये बघितलं तर इंजिनचे बत्तीस वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) आहेत! एवढे मी कुठेही लिहिलेले नाहीत.

रात्रपाळी

कंट्रोलरला ३२ कोर असणार. नम_इंजिन_वर्कर्स लिहिलं नाही तर जेवढे कोर तेवढे वर्कर, कमीत कमी चार. प्रत्येक वर्कर रॅम घेतो, डेटाबेसची कनेक्शनं घेतो. मारियाडीबीची मूळ मर्यादा १५१ कनेक्शनांची आहे, त्यात नोव्हा-न्यूट्रॉनचेही वाटेकरी. ‘टू मेनी कनेक्शन्स’ दिसायला लागलं की आठवण काढाल. तुमच्या आकाराला चार पुष्कळ.

श्रावणसरी

आणि वर्कर बदलताना कोणाची स्टॅक बनत नसताना रीस्टार्ट करा, नाहीतर मधल्या स्टॅकवर ‘इंजिन वेंट डाउन’ असा शेरा येऊन ती फेल होते. प्रॅक्टिकलच्या वेळात तर मुळीच नको.

कृष्णाकाठ

चार केले. आता विचार आहे की पूर्ण वर्गाची एकच मोठी स्टॅक करावी, आत प्रत्येक मुलाची छोटी स्टॅक. १२० मुलं आहेत, प्रत्येकाची साधारण नऊ रिसोर्स (नेटवर्क, राउटर, सर्व्हर अशा एकेक वस्तू).

तिरफळ

१०८० झाली. मॅक्स_रिसोर्सेस_पर_स्टॅकचं मूळ मूल्य १००० आहे आणि आतल्या स्टॅकमधलीही मोजली जातात. मर्यादा वाढवता येते, पण वाढवू नका. एवढ्या मोठ्या झाडात एका मुलाचा सर्व्हर अडला की वरची स्टॅक फेल दाखवते आणि मग १२० जणांना अपडेटच्या रांगेत उभं राहावं लागतं. प्रत्येक मुलाची किंवा गटाची वेगळी स्टॅक, बाहेरून साध्या शेल लूपने. प्रोजेक्टमागे किती स्टॅक चालतील तीही मर्यादा आहे, मॅक्स_स्टॅक्स_पर_टेनंट. जुन्या आवृत्त्यांत ती १०० आहे, म्हणजे तुमची एकशे एकावी अडेल. ती मात्र वाढवा.

म्हसोबाची_वाडी

एकशे एकाव्याने नारळ फोडावा.

सोलापुरी_चादर

रिपोर्ट द्यायला आलो. ट्रस्टीतून प्रोजेक्टचं नाव काढलं, ऑटोस्केलिंग सुरू. गेल्या वर्षी एका सल्लागाराने याच दुखण्यावर ‘आर्किटेक्चर रिव्ह्यू’ सुचवला होता, कोटेशनसकट.

बिनपगारी_आर्किटेक्ट

मी नव्हे तो. मी बिनपगारी.

जुनाट_युनिक्सवाला

कृष्णाकाठ, दर सत्राला शेकडो स्टॅक बनवणार आणि पुसणार असाल तर एक सांगून ठेवतो. पुसलेली स्टॅक डेटाबेसातून लगेच जात नाही, नुसती ‘डिलीटेड’ म्हणून खूण होते. हीट-मॅनेजचं पर्ज_डिलीटेड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) लावा, दिवस सांगितले नाहीत तर ते नव्वद दिवसांपूर्वीची साफ करतं. आधी एकदा हाताने चालवून बघा, वर्षानुवर्षांचं साचलेलं असेल तर पहिल्या खेपेला बराच वेळ घेईल.

कृष्णाकाठ

लावतो. रूटच्या क्रॉनमध्ये टाकू ना?

जुनाट_युनिक्सवाला

नको. हीट युजरच्या नावाने चालवा. रूटने चालवलंत आणि लॉग फाईल तेव्हा नव्याने बनली तर तिची मालकी रूटकडे जाते. मग पुढच्या रीस्टार्टला सर्व्हिसला तीच फाईल उघडता येत नाही आणि ती उठत नाही.